मिशनला निघालात? आधी दिवसाची घडी बसवा

मालवण, देवबाग, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरातला एखादा मुलगा पाद्री व्हायला जातो, एखादी मुलगी सिस्टर होते. शिक्षण, नवदीक्षा, व्रतं असं एकेक पार पडतं आणि एक दिवस नेमणुकीचं पत्र हातात येतं. पूर्वी घरच्यांना वाटे, फार तर गोवा नाहीतर पुणे. आता संस्थेची शाखा जिथे, तिथे जावं लागतं. मग ते घाना असो, ब्राझील असो की पापुआ न्यू गिनी. अंगणातल्या खुरसापुढे लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होतं, शेजारीपाजारी जेवून जातात आणि पाहुणे पांगल्यावर आई हळूच विचारते, ‘तां थंय दिसभर करतला काय?’

प्रश्न साधा आहे, पण निघणाऱ्यालाही त्याचं उत्तर बहुधा ठाऊक नसतं. मिशन म्हटलं की डोळ्यांसमोर जंगल, होडी आणि भोवती जमलेली मुलं येतात. प्रत्यक्षातला दिवस भाषेच्या वहीत, धुण्याभांड्यात, बसची वाट पाहण्यात आणि कोणाच्या तरी ओट्यावर गप्प बसून ऐकण्यात जातो. मोठं संकट आलं तर माणूस कंबर कसून उभा राहतो. त्याला थकवतो तो रोजचा विस्कळीत दिवस. म्हणून निघण्याआधी, आणि पोहोचल्यावरचं पहिलं वर्षभर, दिवसाची घडी बसवणं हेच तुमचं पहिलं काम समजा. ती कशी बसवायची, ते सांगण्यासाठी हा लेख.

आपल्या किनाऱ्याला दोन्ही बाजू ठाऊक आहेत

परदेशी मिशनरी कसा दिसतो हे सिंधुदुर्गाने जवळून पाहिलं आहे. वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने चालवलं. तिथल्या डॉ. गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यात जन्मला. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातला राजदूत होता. गावकरी या परक्या डॉक्टरकडे ज्या नजरेने पाहत असतील, त्याच नजरेने उद्या कुठलं तरी गाव तुमच्याकडे पाहणार आहे. रात्री दार वाजवलं तर हा उठतो का, आपलं बोलणं याला कळतं का, आपल्या पानातलं खातो का, एवढंच लोक बघतात. तुमची पदवी त्यांना नंतर कळते.

इथून बाहेर गेलेल्यांचीही परंपरा आहे. शेजारच्या गोव्यात बाणावलीला १६५१ साली जन्मलेले जोसेफ वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेला गेले. तिथे डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती, म्हणून मजुराच्या वेशात त्यांनी जाफना गाठलं. तमिळ आणि सिंहली शिकले, २४ वर्षं राहिले आणि १७११ साली कँडीत वारले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केलं. मोठेपणाच्या या कथेतली एक बारीक गोष्ट तुमच्या कामाची आहे. जाफन्यात उतरल्यावर ते पहिल्यांदा आजारी पडले, तेही अतिसाराने. संत झाला म्हणून पोट काही वेगळं नसतं.

निघण्याआधीची कामं

कागदपत्रांपासून सुरुवात करा. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत एक घोळ हमखास सापडतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आडनावाचं स्पेलिंग एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं आणि आधार कार्डावर तिसरं. फर्नांडिसच्या शेवटी एस की झेड, डिसोजा सलग की मध्ये वरचा स्वल्पविराम, यावर व्हिसा अडतो. पासपोर्टला हात घालण्याआधी सगळी कागदपत्रं एका टेबलावर मांडा आणि नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती लागणार असेल तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नोंद यांना वेळ लागतो. तो हिशेबात धरा. काही देशांना पदवी आणि जन्मदाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील शिक्का लागतो, काहींना त्यांच्या दूतावासाचं प्रमाणन. कोणाला काय लागतं, ते संस्थेच्या कार्यालयाकडून लेखी घ्या.

व्हिसाच्या बाबतीत ‘तिथे गेल्यावर बघू’ चालत नाही. पर्यटक व्हिसावर जाऊन पॅरिशमध्ये किंवा शाळेत काम करणं हा नियमभंग ठरू शकतो. धर्मसेवेसाठी बऱ्याच देशांत वेगळा प्रवर्ग असतो. अमेरिकेत तो ‘आर-१’ आहे आणि त्यावर जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं.

मग लसी. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिचं पिवळं प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं, पुढे जन्मभर चालतं. विमानाच्या आदल्या आठवड्यात धावपळ केली तर प्रमाणपत्र हातात असूनही उपयोगाचं नसतं. ते परतीच्या प्रवासातही जवळ ठेवा. पीतज्वराच्या देशातून प्रमाणपत्राविना भारतात उतरणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. हिवतापाच्या भागात जाणार असाल तर प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात. दात तपासून घ्या, चष्म्याची जादा जोडी करा. परगावी दाढदुखीइतकं एकाकी दुखणं नाही.

सामान कमी न्या. आई मालवणी मसाल्याची बरणी, आमसुलं, सोडे, सुके बांगडे बांधून देईल. मसाला आणि आमसुलं सीलबंद करून घ्या, सुकी मासळी मात्र घरीच राहू द्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसारख्या देशांत विमानतळावर प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो. लपवलेला सापडला तर दंड होतो, जाहीर केलेला फार तर काढून घेतात. बियाणं आणि रोपं नेऊच नका. त्याऐवजी घरच्यांचे कागदावर छापलेले फोटो न्या. तिथल्या लोकांना तुमच्याबद्दल पहिलं कुतूहल असतं ते तुमच्या आईवडिलांचं, आणि फोनच्या पडद्यापेक्षा हातात धरता येणारा फोटो घरभर फिरतो.

दिवसाचा आराखडा

संस्थेगणिक तपशील बदलतो, पण धर्मभगिनी असो की पाद्री, दिवसाचा सांगाडा साधारण सारखा असतो. पहाटे पाचच्या सुमारास उठणं, मग मनन, सकाळची प्रार्थना आणि मिस्सा. सातला न्याहारी. आठ ते बारा नेमलेलं काम, म्हणजे शाळा, दवाखाना, वसतिगृह किंवा पॅरिशचं कार्यालय. नवख्यासाठी बहुधा भाषेचा वर्ग. दुपारी छोटी प्रार्थना, जेवण, थोडी विश्रांती. चारनंतर घरभेटी, आजाऱ्यांकडे जाणं, मुलांचा अभ्यास. संध्याकाळी प्रार्थना, जेवण, सगळ्यांसोबत तासभर गप्पा, रात्रीची प्रार्थना आणि मग शांतता.

मठात घंटा वाजते तोवर हे सोपं असतं. दूरच्या केंद्रावर दोघंच असलात की घंटा वाजवायला कोणी नसतं. तिथे तीन वेळा तेवढ्या घट्ट धरा. उठण्याची वेळ, दुपारचं जेवण आणि झोपण्याची वेळ. मधला दिवस लोक मोडणारच. कोणी आजारी पडेल, कोणाचं लग्न निघेल, रस्ता वाहून जाईल. ही तीन टोकं हलली नाहीत की मधला गोंधळ पेलतो.

झोपण्यापूर्वी दहा मिनिटं वही घेऊन बसा. तीन ओळी पुरेत. आज कोणाला भेटलो, कोणता नवा शब्द कानावर पडला, किती पैसे कुठे गेले. पहिल्या ओळीत नाव लिहा, नात्यासकट. अमक्याची आजी, तमक्याचा थोरला. महिन्याने तीच आजी बाजारात भेटली आणि तुम्ही तिच्या नातवाच्या तापाची चौकशी केलीत, की गाव तुमचं झालं म्हणून समजा. दुसऱ्या ओळीतला शब्द दुसऱ्या दिवशी तीन वेळा वापरा. तिसरी ओळ महिनाअखेरीस उपयोगी पडते, त्याबद्दल पुढे.

आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेवा. पॅरिशच्या कामात रविवार कामाचा असतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी सोमवार सुट्टीचा. लॅटर-डे सेंट्स या पंथाचे तरुण मिशनरी, मुलगे दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष, जोडी-जोडीने जगभर फिरतात. त्यांच्याकडेही कपडे धुण्यासाठी, बाजारहाटासाठी आणि घरी बोलण्यासाठी आठवड्याचा एक तयारीचा दिवस नेमलेला असतो. त्यांच्या शिकवणुकीशी तुमचा संबंध नसेल, पण दोन नियम उचलण्यासारखे आहेत. एकट्याने राहायचं नाही आणि सुट्टी चुकवायची नाही. सुट्टीच्या दिवशीही ‘जरा एवढं काम’ करणारा माणूस सहा महिन्यांत चिडचिडा होतो आणि त्या चिडचिडीचा प्रसाद सोबत्याला मिळतो.

भाषा: घाई नको

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधले तरुण जेझुइट ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. साष्टीत राहून लोकांची बोली शिकले, मराठी शिकले, कोकणीचं व्याकरण लिहिलं. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून आलं १६१६ मध्ये, म्हणजे पोहोचल्यानंतर ३७ वर्षांनी. लोक ज्या ओवीत पुराणं ऐकत आले होते, त्याच ओवीत त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. सहा महिन्यांत आपण प्रवचन देऊ असं ज्याला वाटतं, त्याने हा ३७ चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

पापुआ न्यू गिनीत आठशेहून अधिक भाषा आहेत आणि बाजारात टोक पिसिन चालते. घानात कार्यालयात इंग्रजी, पण घरात त्वी किंवा एवे. म्हणजे एक कामाची भाषा आणि एक घरातली, अशा दोन शिकाव्या लागतात. हे आपल्याला नवं नाही. घरात कोकणी किंवा मालवणी, शाळेत मराठी, बँकेत हिंदी-इंग्रजी असा आपला रोजचा कारभार असतोच. वर्गात व्याकरण शिका, पण बोलायला शिका ते मुलांकडून आणि बाजारात. मोठी माणसं तुमची चूक पोटात घालतात. मुलं हसतात आणि लगेच दुरुस्त करतात. पहिले सहा महिने वाचनपाठ करा, आजाऱ्याजवळ बसा, गाण्यात सूर मिसळा. प्रवचन, सल्ला आणि गावच्या भांडणातली मध्यस्थी यांपासून लांब राहा.

पानातलं जेवण

मालवणी माणसाला मासे आणि नारळ मिळाला की निम्मा प्रश्न सुटतो, आणि उष्ण प्रदेशाच्या किनाऱ्यावर दोन्ही मिळतात. घानाच्या किनाऱ्यावर आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे सालात गुंडाळून उकडलेले गोळे, केंके, तळलेल्या माशाबरोबर आणि झणझणीत मिरचीबरोबर खातात. ब्राझीलमध्ये भात आणि घेवड्याचं कालवण रोजचं. पापुआत रताळी, साबूच्या झाडाचं पीठ आणि नारळाचं दूध. घानात उजव्या हाताने खायचं आणि द्यायचंही उजव्याच हाताने, इथल्यासारखंच.

पहिला महिना वाढलेलं खा, चव घेऊन खा आणि तुलना करू नका. ‘आमच्याकडे असं करतात’ हे वाक्य त्या महिन्यात तोंडातून काढायचं नाही. दुसऱ्या महिन्यात एक दिवस स्वयंपाकघर मागून घ्या. तिथल्याच माशाचं कालवण करा, नारळ तिथलाच वाटा, आंबटाला आमसूल टाका आणि मसाला नेहमीच्या निम्मा घाला. स्वयंपाकीण शेजारी उभी राहून सगळं बघेल; तिला वाटण चाखायला द्या आणि तिची मिरची त्यात घालू द्या. पाणी मात्र कितीही आग्रह झाला तरी उकळलेलं किंवा गाळलेलंच. ‘डॉक्टरने सांगितलंय’ या कारणाचा राग कोणत्याही देशात येत नाही.

घरचा फोन

स्टीफन्स यांनी पोहोचल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबर १५७९ रोजी वडिलांना पत्र लिहिलं. वारे, पक्षी, मासे, खलाशांचे सुजलेले हिरडे, असा प्रवासाचा चोख वृत्तांत त्यात आहे. घरच्यांना हेच हवं असतं. उपदेश नको, आपलं माणूस कुठे राहतं, काय बघतं ते कळायला हवं.

आज अडचण उलटी आहे. फोन खिशात असल्यामुळे माणूस शरीराने घानातल्या अक्रात आणि मनाने आचऱ्यात राहू शकतो. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवा. घाना आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे, ब्राझीलचा बराचसा भाग साडेआठ तास मागे, पापुआ न्यू गिनीतलं पोर्ट मोरेस्बी साडेचार तास पुढे. घरी हे घड्याळ समजावून सांगा, नाहीतर आई रात्रभर जागी राहील. रोजच्या फोनमध्ये प्रत्येक सर्दी घरी कळते आणि घरातलं प्रत्येक भांडण तुमच्यापर्यंत येतं. दोघांनाही काही करता येत नाही. गावातल्या माणसांचे, विशेषतः मुलांचे आणि आजाऱ्यांचे फोटो परवानगीवाचून व्हॉट्सॲपवर टाकू नका. आपल्या आजीचा दवाखान्यातला फोटो परक्या देशात फिरलेला आपल्याला चालेल का?

पैसा, मर्यादा आणि कायदा

दारिद्र्याचं व्रत घेतलं म्हणून पैशाचा हिशेब सुटत नाही, उलट वाढतो. रोजच्या वहीतली तिसरी ओळ महिनाअखेरीस उतरवून वरिष्ठांना द्या. कोणी प्रेमाने हातात रक्कम ठेवली तर पावती करा आणि संस्थेकडे जमा करा. गावात कोणालाही खासगी उसने पैसे देऊ नका. एकाला दिले की दहाजण येतात आणि अकरावा कायमचा दुरावतो. घरच्यांनीही ‘परदेशात आहे’ म्हणून घराच्या कौलांसाठी हात पसरू नये.

लहान मुलांशी वागण्याचे नियम संस्थेकडून लेखी मागून घ्या आणि पोहोचल्यावर तिथलेही वाचा. बंद खोलीत मुलाबरोबर एकटं बसायचं नाही, शिकवताना दार उघडं ठेवायचं, रात्री खासगी संदेश पाठवायचे नाहीत. चर्चमध्ये झालेल्या अत्याचारांची प्रकरणं जगासमोर आल्यानंतर, पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये तक्रार नोंदवण्याची आणि चौकशीची पद्धत संपूर्ण चर्चला लागू केली. काही वावगं दिसलं तर गप्प बसणं ही निष्ठा नव्हे.

धर्माच्या बाबतीत तिथल्या देशाचा कायदा समजून घ्या. शिधा, औषध, शाळेचा प्रवेश यांना श्रद्धेची अट कधीही जोडू नका. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा जोसेफ वाझ यांनी बौद्ध राजाच्या राज्यात रुग्णांची सेवा केली. धर्म विचारून केली नाही. तिथल्या निवडणुकांवर मत देऊ नका, समाजमाध्यमांवर तर नाहीच. पोहोचताच भारतीय दूतावासात नाव नोंदवा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलचा पत्ता सोबत्याकडेही ठेवा.

मन खचतं तेव्हा

नव्याचे नऊ दिवस संपले की उत्साहाला ओहोटी लागते. झोप लागत नाही, प्रार्थना कोरडी वाटते, तिथल्या प्रत्येक गोष्टीचा राग येतो. याला श्रद्धेची कमतरता समजू नका. आधी झोप, जेवण आणि व्यायाम तपासा, मग सोबत्याशी बोला, मग वरिष्ठांशी. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरकडे जा. तापासाठी जाता तसंच. पहिला नाताळ जड जातो हे आधीच धरून चाला. त्या दिवशी नेवऱ्या करायला घ्या आणि शेजारची मुलं मदतीला बोलवा. रिकामं बसून गावचे व्हिडिओ बघत राहू नका.

घरच्यांशी बोलून ठेवा

एक विषय सगळे टाळतात, तो निघण्याआधीच काढा. घरात कोणी गेलं तर काय करायचं? पोर्ट मोरेस्बीहून किंवा अक्राहून मालवणला पोहोचायला विमानं बदलत दोन दिवस सहज जातात. मोपाचा विमानतळ झाला म्हणून मधला महासागर काही आखडला नाही. रजेचे नियमही प्रत्येक संस्थेचे वेगळे. म्हणून आईवडिलांसमोर बसून तीन गोष्टी कागदावर लिहा. मातीसाठी वाट पाहायची की नाही, बातमी कोणी आणि कोणाला कळवायची, आणि म्हाताऱ्या आईबापांचं दुखणंखुपणं कोण बघणार. कागदाची एक प्रत घरी, एक आपल्या चर्चच्या फादरकडे, एक संस्थेकडे. हे बोलताना डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या. न बोलता गेलात तर त्या रात्री फोनवर भावंडांत भांडण होतं आणि ते पुढे वर्षानुवर्षं पुरतं.

आणि गावकऱ्यांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी नेमणूक पुरी होण्याआधी परत आली तर ‘जमला नाय काय?’ असं वाटेत गाठून विचारू नका. कोणाची तब्येत साथ देत नाही, कोणाला व्हिसा मिळत नाही, कोणाला आपला मार्ग वेगळा असल्याचं तिथे गेल्यावर कळतं. जाताना लदीन केलंत, तसंच येतानाही करा.